बासष्टावं यंत्र

रात्री बारानंतर मी देशाला हात लावते.
देश म्हणजे बासष्ट संगणक,
होड्यांचा विमा उतरवणाऱ्या एका लहानशा संस्थेचे,
आरिकापासून पोर्वेनीरपर्यंत
शेवईसारख्या लांबच लांब किनाऱ्यावर मांडलेले.

मी ताल्काउआनोत, सर्व्हरच्या खोलीबाहेर,
पायाशी हीटर, मांडीवर थर्मास.
एक बटण दाबते.
कुलूपबंद कचेऱ्यांत, अंधारात,
रिकाम्या खुर्च्यांसमोर पंखे गरगरू लागतात.

आरिका घेतं. इकीके घेतं.
काल्देरातली तीन नेहमीसारखी कुरकुरतात,
जागा नाही म्हणतात,
कुणीतरी अख्ख्या गावाच्या लग्नांचे फोटो भरलेत.
मग अंग चोरून जागा करतात.
आन्कुदमध्ये पाऊस. तिथे वायर भिजली की आकडा थबकतो:
एकोणचाळीस टक्के.
एकोणचाळीस.
एकोणचाळीस.
मी नख खाते.
चाळीस.

तीनच्या सुमारास पडद्यावर एकसष्ट हिरव्या ओळी
आणि एक पिवळी.
पोर्वेनीर, यंत्र दोन. पुन्हा सुरू होण्याच्या प्रतीक्षेत.
पोर्वेनीर म्हणजे आमच्या भाषेत येणारा काळ,
आणि तिथेच घोडं पेंड खातंय.
कोपऱ्यातलं यंत्र. तिथे बसणारा निवृत्त झाला,
तरी एक्याऐंशी दिवस ते बंद झालेलं नाही.
काहीतरी उघडं आहे. न जपलेलं.

माझ्याकडे 'सक्तीने' असंही एक बटण आहे.
गेल्या वर्षी दाबलं होतं.
काल्देराच्या ओदेतेचं तीन तासांचं काम गेलं.
ती ओरडली नाही. "बरं," म्हणाली.
ते 'बरं' अजून कानातून निघत नाही.

फोन लावला. तिथे घड्याळ तासभर पुढे,
येणाऱ्या काळाने तेवढं तरी करावंच.
नवव्या रिंगला एलेउतेरियो बार्रिया, रात्रीचा राखणदार.
"ते माझं आहे," तो म्हणाला,
साखरेच्या डब्यात हात सापडल्यासारखा.

खिडकीतून सामुद्रधुनी दिसते म्हणे.
जाणारी जहाजं तो लिहून ठेवतो:
वेळ, दिवे किती, कुठल्या दिशेला, वारा कसा.
कुणी सांगितलेलं नाही.
आधी वहीत लिहायचा, पण थंडीने बोटं आखडतात,
स्वतःचंच अक्षर स्वतःला लागत नाही.

"जपून ठेवलंय का?"
"ठेवतो की. सकाळी जाताना पडदा बंद करतो."

एक्याऐंशी रात्री
एका विजेच्या तारेला लोंबकळत.
मी हीटर बंद केला. नीट ऐकू यावं म्हणून.

"डावीकडे खाली कंट्रोल. दाबून धरा. आता जी."
"जी कशाचा?"
"गुआर्दारचा. राखण्याचा."
"आणि मी गुआर्दिया," तो हसला, मग खोकला.
"नाव विचारतंय."
"ठेवा तुम्हीच."

बराच वेळ नुसता वारा.
दूर कुठेतरी कुत्रं.
मग एका बोटाने कळा,
इतक्या सावकाश की मला मोजता आल्या.
नऊ.
काय नाव ठेवलंत, ते मी विचारलं नाही.

"हा नवा प्रोग्रॅम कसला?"
"हप्त्यांचा. थकबाकीचा."
"जहाजं नाहीत त्यात?"
"नाहीत."
"हं," तो म्हणाला. त्याला माझी कीव आली असावी.

यंत्र काळं झालं, उजळलं.
त्याने आपलं पान उघडून पाहिलं,
पहिली ओळ मोठ्याने वाचली:
दोन वाजून दहा, तीन दिवे, पश्चिमेकडे, वारा वाईट.
मग फोन ठेवायला विसरला,
आणि थोडा वेळ मीही.

अहवालात: बासष्टपैकी बासष्ट.
उशीर: सत्तेचाळीस मिनिटं.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं,
वापरकर्ता कामावर होता.